वांगी धुवायला बोलावा

परदेशी शिकायला निघालेल्या पोराची बॅग खान्देशात कोणत्याही घरी भरली, तरी आतला ऐवज बहुतेक तोच निघतो. काळा मसाला, बिबडे, लसणाची चटणी, दोन प्रकारची शेव आणि आईच्या हट्टापायी तुपाची बरणी. (तूप काढून ठेवा. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढेही त्यातच आले.) बॅग काट्यावर चढत असतानाच कुणीतरी काका विचारतात, "तिथं आपलं कोण आहे?" उत्तर तयार असतं, "आपल्याकडची चार पोरं आहेत, काळजी नको."

ती चार पोरं खरोखर उपयोगाची असतात. खोलीचा करार कसा वाचायचा, बँकेत कोणता कागद लागतो, जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंद २ आठवड्यांत का करायची, हे तीच सांगतात. रात्री दोनला पोट दुखलं तर दवाखान्यात तीच नेतात. पण दोन वर्षं राहून परत येताना ओळखी त्या चौघांच्याच असतील, तर एवढ्या लांब जायची गरज नव्हती. पुण्यातली कॉटबेसिसही स्वस्त पडली असती.

या प्रश्नाकडे अभ्यासकांनी फार आधी पाहिलं आहे. स्टीफन बॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचे तीन पदर मांडले: आपल्या देशातले, त्या देशातले आणि तिसरे म्हणजे आपल्यासारखेच दुसऱ्या कुठून तरी आलेले. पहिल्यांत आपली भाषा, आपले सण, आपलं रडणं सुरक्षित राहतं. स्थानिकांकडून कामं होतात, भाषा सुधारते, व्यवहार कळतो. तिसऱ्यांबरोबर फिरणं, खाणं, हसणं होतं. तिन्ही लागतात. आपली पोरं पहिल्या पदरात राहतात, दुसरा जमत नाही म्हणून खंतावतात आणि तिसऱ्याकडे बघतच नाहीत. खरं तर जिवाभावाची मैत्री तिथेच सगळ्यात लवकर रुजते, कारण इथिओपियाची मुलगी आणि शहाद्याचा मुलगा दोघंही ऑक्टोबरात त्याच बंद दारासमोर किल्ली कशी फिरवायची या विवंचनेत उभे असतात. स्थानिक मुलांच्या शाळेपासूनच्या दोस्ती असतात, शनिवार-रविवार ठरलेले असतात. त्यांना आपल्याविषयी आकस नसतो, जागा कमी असते.

आता हिशेब. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीचे तास मोजले. जुजबी ओळखीची दोस्ती व्हायला साधारण ५० तास, त्या जुजबी दोस्ताचा खरा मित्र व्हायला ९०च्या आसपास आणि जवळचा मित्र व्हायला २००हून जास्त. आकडा अमेरिकेतला आहे आणि माणूस काही घड्याळावर चालत नाही. पण गणित करून पाहिलं की बरंच उलगडतं. आठवड्याला २ तासांचं एक लेक्चर, १४ आठवड्यांचं सत्र: २८ तास. तेही गप्प बसून, फळ्याकडे बघत. म्हणजे सत्रभर शेजारी बसूनही 'हाय-बाय'च्या पुढे गाडी सरकत नाही, यात कुणाचा दोष नाही. तेच रोज पाऊण तास एकाच स्वयंपाकघरात, आठवड्यातले ५ दिवस: सत्राला ५२ तास. त्यात रविवारचे ४ तास धरले, तर आणखी ५६. सगळं मिळून १३६. दुसरं सत्र अर्धं सरेपर्यंत २०० पार होतात.

म्हणून खोली निवडतानाच अर्धी मैत्री ठरते. स्वतंत्र स्टुडिओ घेणारा मुलगा स्वच्छता आणि एकांत मिळवतो, पण रोजचे पाऊण तास गमावतो. चार मराठी मुलांनी मिळून फ्लॅट घेतला की भाडं वाचतं, पोळीचा प्रश्न सुटतो आणि संध्याकाळी सातनंतर परदेश बंद होतो. सामाईक स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह गैरसोयीचं असतं: फ्रिजमध्ये एकच कप्पा, कुणीतरी आपलं दही खातं, सिंकमध्ये तिसऱ्याची कढई. त्या कढईवरून होणाऱ्या कुरबुरीही तासांत मोजल्या जातात.

तरीही नुसतं शेजारी उभं राहून भागत नाही, बोलवावं लागतं. इथे आपली मुलं एक ठरलेली चूक करतात. आपलं आमंत्रण मोघम असतं. "ये ना कधी घरी." धुळ्यात त्याचा अर्थ खरोखर 'कधीही ये' असा असतो. दुसरीकडे तेच वाक्य नुसत्या निरोपाच्या शिष्टाचारात जमा होतं. अमेरिकेत 'कधीतरी भेटूच' हे बहुतेकदा 'बरं, येतो' इतकंच असतं. इंग्लंडमध्ये भेटल्यावर 'बरा आहेस ना?' विचारतात, त्यावर ताप-खोकल्याचा पाढा वाचायचा नसतो. उलट चिनी मुलांचं जुनं अभिवादन 'जेवलास का?' हे ऐकून अहिराणी माणसाला घरी आल्यासारखं वाटावं. "जेवन व्हयनं का?" म्हणजे दुसरं काय? असो. आमंत्रण द्यायचं ते वार, वेळ, जागा, काम आणि संपायची वेळ सांगून: "गुरुवारी सहाला, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, आपण वांग्याचं काहीतरी करू, साडेआठला मोकळे." जर्मन किंवा डच मुलगा असेल तर आठवडा-दोन आठवडे आधी सांगा आणि तो सहाला दोन मिनिटं कमी असताना दारात उभा असेल हे गृहीत धरा. ब्राझीलच्या मुलीला सहा म्हणजे पावणेसातही असू शकतात. तिच्यावाचून भाजणं सुरू करा, रागवू नका.

वांग्याचं काहीतरी म्हणजे अर्थात भरीत. भरीतच का, तर त्याला वेळ लागतो आणि माणसं लागतात. खान्देशातली भरीत पार्टी शेतात होते, थंडीत, कपाशीच्या काड्यांचा जाळ करून. कुणी काड्या आणतं, कुणी वांगी उलटवतं, कुणी चटके सोसत सालं काढतं, कुणी लाकडी बडगीत ठेचतं. तिथे हातावर हात ठेवून बसायची सोयच नसते. आणि परदेशी आपण करतो काय? सकाळपासून राबून पाच पदार्थ मांडतो, सजवून फोटो काढतो आणि मग लोकांना बोलावतो. लोक येतात, वाखाणतात, चाळीस मिनिटांत निघून जातात. ते पाहुणेच राहिले. ताट वाढून बोलावू नका, वांगी धुवायला बोलावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली सांगितलं होतं की वेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आल्याने जवळ येत नाहीत. दोघांची पायरी सारखी असावी लागते, काम एकच असावं लागतं, ते मिळून करावं लागतं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा लागतो. ऑलपोर्ट वंशभेदाविषयी बोलत होते, पण लसूण सोलणाऱ्या सहा जणांची पायरी सारखीच असते, हे आपल्याला शेतात आधीच ठाऊक होतं.

तर कृती. आठ जणांना काळी-जांभळी मोठी वांगी ५, प्रत्येकी सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. तुर्की किंवा अरबी दुकानात चांगली मिळतात. जळगावचं भरताचं वांगं, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते हिरवट, पांढऱ्या रेघांचं, कमी बियांचं. ते तिकडे मिळत नाही म्हणून हळहळू नका. तिकडचं वांगं स्पंजासारखं असतं आणि पाणी जास्त सोडतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. काट्याने प्रत्येकाला पाच-सहा ठिकाणी टोचा. टोचलं नाही तर आतली वाफ साल फोडते आणि ओव्हन घासण्यात तुमचा रविवार जातो. २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. शेवटची ५ मिनिटं वरची ग्रिल लावली तर साल करपते आणि जाळाचा थोडा तरी वास येतो. सोलून १० मिनिटं चाळणीत ठेवा, कडवट पाणी निथळू द्या. हे टाळलं की भरताचं कालवण होतं.

मिरच्या तव्यावर तेलात परतायच्या नाहीत. आपल्या घरी ठसका लागला की खिडकी उघडतात. तिकडे छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, सगळी इमारत रात्री थंडीत बाहेर उभी राहते, आणि अग्निशमन दल विनाकारण आलं तर काही ठिकाणी त्याचा खर्च वसूल करतात. मिरच्या आणि लसणाचा अख्खा गड्डा फॉइलमध्ये गुंडाळून वांग्यांबरोबरच ओव्हनमध्ये टाका, २० मिनिटांत काढा. बारीक थाई मिरच्या असतील तर भरतात फक्त ३, बाकीच्यांचा ठेचा वेगळ्या वाटीत. ज्याला हवा तो घेईल. "आमच्याकडे एवढं तिखट लागतंच" हे ऐकवून कुणाला रडवण्यात मर्दुमकी नाही.

आणि शेंगदाणे. इथे चेष्टा चालत नाही. आपल्या भरतात तेल शेंगदाण्याचं, वर तळलेले दाणेही. दाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाचा घसा त्या एका घासाने सुजू शकतो, जिवावर बेततं. आमंत्रण देतानाच विचारा. कुणाला असेल तर त्या दिवशी दाणे स्वयंपाकघरातच आणू नका. 'वरून काढून टाकतो' हा उपाय नव्हे. सूर्यफुलाचं तेल वापरा, सुकं खोबरं आणि कांद्याची पात भरपूर घाला, चव पडत नाही. मिक्सर लावू नका, चिकट लगदा होतो. जाड भांड्यात लाकडी डावाने ठेचा आणि डाव हातोहात फिरू द्या.

वांगी भाजत असतात त्या पाऊण तासात करायला फारसं काही नसतं, आणि नेमकं त्याचसाठी हे सगळं करायचं. लसूण सोलता सोलता इराणी मुलगा सांगतो की त्याच्याकडे कॅस्पियन समुद्राच्या काठी, गिलानमध्ये, असंच वांगं भाजून त्यात लसूण, टोमॅटो आणि अंडं घालतात, नाव मिर्झा गासेमी. सीरियाची मुलगी म्हणते, ताहिनी (वाटलेले तीळ) आणि लिंबू कुठे आहे? रोमानियाची मुलगी डाव हातात घेते आणि गंभीरपणे बजावते की वांग्याला लोखंड लावायचं नाही, काळं पडतं. तिच्याकडे भाजलेलं वांगं लाकडी सुरीनेच चिरतात. बडगी लाकडाचीच का, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी वांगी त्यांची, कृती त्यांची, ठेचणारे आपण. असं चार वेळा झालं की संस्कृतीवर भाषण करायची वेळ कुणावर येत नाही.

भाकरीचं थोडक्यात: सपाट काचेच्या शेगडीवर जाळ नसतो, भाकरी फुगत नाही, गावाहून आणलेलं कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ संपतं. दुकानातला पाव घ्या.

घेण्या-देण्याची गाठ मात्र सावकाश सोडवावी लागते. आपल्याकडे पाहुणा आधी नाही म्हणतो, यजमान आग्रह करतो, तिसऱ्यांदा पाहुणा 'बरं, अर्धी' म्हणतो आणि एक खातो. इराणमध्ये याच खेळाला 'ताआरोफ' असं रीतसर नाव आहे, त्यामुळे तिथे आपण पट्टीचे खेळाडू. तिथला मित्र 'राहू दे पैसे' म्हणाला तरी दोन-तीनदा पुढे करायचे असतात. जर्मन घरी पहिल्यांदा 'नको' म्हणालात की पातेलं आत गेलं. पोटात कावळे ओरडत वसतिगृहात परतण्यापेक्षा पहिल्याच फेरीला हो म्हणा. उलट, त्याने 'नको' म्हटल्यावर त्याच्या पानात वाढू नका. आपला आग्रह त्याला त्याचं म्हणणं न ऐकल्यासारखा वाटतो. इथिओपियाच्या मैत्रिणीबरोबर जेवताना सगळ्यांचं ताट एकच, तेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या इंजेराचं (मोठ्या घावनासारखं असतं ते), उजव्या हाताने खायचं, आणि कधी ती घास गुंडाळून थेट तुमच्या तोंडात घालेल. त्याला गुर्शा म्हणतात. लग्नाच्या पंगतीबाहेर घास भरवून घेताना खान्देशी गडी लाजतो, पण तो मान आहे, तोंड उघडा. शाकाहारी मुलांसाठी एक खूणगाठ: इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, म्हणजे दूध-मांस-अंडी वर्ज्य. त्या दिवशी मसूर आणि शिरो मिळतं. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, लाल मसाल्याचं, आपल्या पिठल्याचं मावसभावंड.

काय खात नाही ते एकदाच, आमंत्रणाच्या वेळी, वस्तूंची नावं घेऊन सांगावं: मांस नाही, मासे नाही, अंडं चालतं किंवा नाही. 'व्हेज' एवढं पुरत नाही. पुष्कळ ठिकाणी मासा त्यात बसतो, आणि रंगीत गोळ्यांमध्ये जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. आपली कढई वेगळी ठेवायची तर ठेवा, पण नाक मुरडून नाही. दुसऱ्याच्या भांड्याकडे विटाळाच्या नजरेने पाहायची सवय आपल्याकडची आहे आणि ती समोरच्याला भाषा न कळताही कळते. तसंच आडनावाचं. नवा भारतीय भेटला की आडनाव, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही कोण?' ही चौकशी विमानतळावरच सोडून द्यावी. शेजारच्या खोलीतला नायजेरियन मुलगा ही चौकशी ऐकतो आणि अर्थ विचारतो. मग सांगता सांगता जीभ अडखळते.

बिल वेगवेगळं मागणं म्हणजे कंजुषी नव्हे. इंग्लंडच्या पबमध्ये एकेकाने सगळ्यांसाठी 'राउंड' घ्यायची पद्धत असते. पिणार नसाल तर सुरुवातीलाच 'मी राउंडमध्ये नाही' म्हणून आपला ज्यूस आपण घ्या. दुसऱ्याच्या चार फेऱ्या घेऊन आपली चुकवलेली लोक विसरत नाहीत. जर्मन मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात. त्या दिवशी केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो, तेव्हा तुमच्या वाढदिवसाला कुणी केक आणला नाही म्हणून रुसून बसू नका.

भाषेच्या बाबतीत खान्देशी मुलाकडे एक गोष्ट जास्त असते, ती तो लपवतो. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी. नंदुरबारचा असेल तर वर्गात भिली, पावरी, गुजराती कानावर पडलेली. तीन बोलींत वावरणारा हा मुलगा पुण्यात 'शुद्ध' बोलायच्या धास्तीने आधीच अर्धा गप्प झालेला असतो, परदेशी इंग्रजीच्या भीतीने पुरता होतो. त्याने स्विस किंवा बव्हेरियन मित्राला एवढंच विचारावं, "घरी आजीशी कसं बोलतोस?" तिकडची घरची बोली आणि पुस्तकी जर्मन यांत बरंच अंतर असतं, आणि त्या बोलीला हसलेलं त्यानेही ऐकलेलं असतं. तासाभराने एकाला 'कसा शे भो?' येतं, दुसऱ्याला त्याच्या गावचा नमस्कार. समोरच्याच्या नावाचीही तीच गोष्ट: चिनी नावात आडनाव आधी येतं. नाव तोडून, तीनदा म्हणवून घ्या, लिहून ठेवा. स्वतःचं ज्ञानेश्वर पहिल्याच दिवशी 'डॅनी' करू नका. समोरच्यालाही तीन प्रयत्न द्या.

एवढं सगळं करूनही एक खड्डा येतोच. नॉर्वेचे स्वेरे लीसगार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेच्या लोकांना विचारलं, तेव्हा ६ ते १८ महिने राहिलेले सगळ्यात कमी रुळलेले निघाले. त्याहून कमी किंवा जास्त राहिलेले बरे होते. पुढच्या अभ्यासांत ही वळणदार रेघ सगळ्यांना लागू पडली नाही, पण ऑक्टोबरात गेलेल्या मुलाचा सातवा महिना एप्रिलात येतो, आणि त्याच सुमारास गावाकडून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यांचे व्हिडिओ येऊ लागतात. या दिवसांत मुलं खोलीत जेवू लागतात आणि रात्र घरच्या व्हिडिओ कॉलवर घालवतात. घरच्यांनी थोडं आवरतं घ्यावं. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडचे सहा, नेमकी स्वयंपाकघरात गर्दी व्हायची वेळ. फोन दुपारी करा.

आणि मग कधीतरी तो मित्र खान्देशात येतो म्हणतो. मे महिना सांगू नका, पारा ४५ला टेकतो. डिसेंबर-जानेवारी सांगा. भरताचे दिवस, केळीच्या बागा हिरव्या, अजिंठा जळगावहून ६० किलोमीटरच्या आसपास, दत्तजयंतीला जमलं तर सारंगखेड्याचा घोडेबाजार. पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत घरमालकाने त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, ती विसरू नका. पहिले दोन दिवस पाणी उकळून, शेवभाजीचा रस्सा निम्म्या मसाल्याचा, गल्लीतल्या सेल्फ्या दिवसाला दहाच्या वर नाहीत. आईला आधीच समजावून ठेवा की त्याचं 'नको' खरं असतं. ती हो म्हणेल. त्यालाही 'पुरे' हा शब्द आणि ताटावर आडवा तळहात, दोन्ही शिकवून ठेवा. तळहात नीट झाकून धरायला सांगा, बोटांच्या फटीतूनही भाकरी येते.